ओबानचं अर्धवट कलोसियम अर्धवटच राहू द्या

मा. संस्कृतीमंत्री, स्कॉटलंड सरकार, यांना स.न.वि.वि.

ओबानच्या बंदरातून वर बघितलं की टेकडीवर जे गोल दगडी प्रकरण दिसतं ना, मॅककेग्ज टॉवर, त्याबद्दल लिहितोय. आम्ही ग्लासगोकडची मराठी मंडळी, भारतातून आईबाबा आले की त्यांना ओबानला नेतोच, आणि वर पोचलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, "आत काय आहे?" आत बाग आहे. बस्स. छप्पर नाही, म्युझियम नाही, तिकीट पण नाही.

व्हायचं होतं खरं तर सगळंच. जॉन स्टुअर्ट मॅककेग हा बँकवाला माणूस, १८९७ ला काम काढलं, हिवाळ्यात गवंड्यांना काम मिळेल आणि आपल्या घराण्याचं स्मारकही होईल असा दुहेरी हिशोब. रोमच्या कलोसियमच्या धर्तीवर बांधायचं, आत म्युझियम, आर्ट गॅलरी, शिवाय घरच्यांचे पुतळे. ५,००० पौंड घातले, ९४ कमानींची भिंत उभी राहिली आणि १९०२ ला स्वारी वारली, काम तिथेच थांबलं. मृत्युपत्रात पुतळ्यांची सोय केलेली, पण बहीण कॅथरीन कोर्टात गेली आणि १९०७ ला जिंकली, कारण यात लोकांचा काही फायदाच नाही असं कोर्टाचं म्हणणं पडलं. आता गंमत बघा, पुढे याच बाईंनी स्वतःच्या मृत्युपत्रात आईवडील आणि नऊ भावंडं असे ११ ब्राँझचे पुतळे लावायला सांगितले! १९१५ ला कोर्टाने तेही उडवलं. (पुतळ्यांची हौस फक्त आपल्याकडेच असते असं नाही म्हणायचं.)

माझं म्हणणं एवढंच की त्या दोन निकालांनी गावाला बाग मिळाली, ती घालवू नका. आज ना उद्या कोणाला तरी वाटणारच की जागा रिकामी आहे, काचेचं छप्पर टाकू, कॅफे काढू, तिकीट लावू. नको. कमानीतून समोर केरेरा बेट, त्यामागे मल (Mull) बेट, खाली फेरीबोटींची ये-जा, हे फुकटात बघायला मिळतं म्हणून तर लोक चढतात.

पैसे असतीलच तर भिंतीच्या दगडांच्या डागडुजीवर घाला, आणि गावातून वर येणाऱ्या जेकब्ज लॅडरच्या १४४ पायऱ्यांवर, मधे टेकायला चांगले बाक टाका, गुडघेदुखीवाले पण येतात हो. गाडी वरपर्यंत जाते मान्य, पण ट्रेनने आलेल्यांचं काय?

हेच इंग्लिशमध्ये मेलवर पाठवतोय, उत्तर आलं तर सगळ्यांना सांगेनच.