बोहरी आळीतल्या पाइपवाल्या काकांना, मनापासून थँक्यू

काका, नमस्कार. सरावाच्या तलवारी बनवायच्यात म्हणून तुमच्या काउंटरवर येऊन बसलेली ती चार-पाच पोरं आम्हीच. बाकी दुकानांत लोक हसले नाहीतर लाकडी खेळणी तुळशीबागेत मिळतील म्हणाले, तुम्ही मात्र आधी विचारलंत की एकमेकांना मारणार की भिंतीवर टांगणार, आणि मारणार म्हटल्यावर तुमच्यातला तालमीतला माणूस जागाच झाला की, गदक्याला, म्हणजे तालमीतल्या सरावाच्या काठीला, चामडं का चढवतात तिथपासून सुरुवात!

अर्धा इंची सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याचा प्लास्टिक पाइप, बाहेरून पाच सूत (आठ सुतांचा एक इंच) भरतो आणि एसीच्या पाइपवरची काळी फोमची नळी पाच सुताची मिळते, ती त्यावर अशी चपखल बसते की गोंद जवळपास लागतच नाही, हे आम्हाला कोण सांगणार होतं? पाइप एसडीआर 11 चा, जाड भिंतीचा घ्या म्हणालात, पाइपवर फायबर टेपचा एक थर, म्हणजे पाइप फुटलाच तरी तुकडे उडत नाहीत. टोकाला एंड कॅप चिकटवायचीच, नाहीतर पाइपची कड बिस्किटाच्या साच्यासारखी फोम कापत बाहेर येते, आणि कॅपच्या पुढेही पाच-सहा सेंटिमीटर नुसता फोम.

पण खरी गंमत फोमवरच्या टेपची. गोल गोल आवळून गुंडाळला की फोममधली हवा दबते आणि तलवार परत काठीच होते, म्हणून टेप उभा लावा, ताण न देता, आणि सुईने बारीक भोकं पाडा. आम्ही मुद्दाम दोन्ही प्रकार करून एकमेकांच्या मांड्यांवर टेस्ट केले. गोलवाल्याचे वळ दुसऱ्या दिवशीही दिसत होते, उभ्यावाल्याचा नुसता धप्प आवाज. आता नवीन तलवार आली की आधी अंगठ्याने कडा दाबून बघतो, आत पाइप लागला की बाद.

मुठीत तुम्ही फुकट दिलेले जुने नट भरले (हिशोबात धरा हो काका, असं नका करू) आणि पुढचा जडपणा गेला, मनगट आता वार मध्येच थांबवू शकतं. एप्रिलच्या उन्हात टेपचा गोंद पाझरून हाताला चिकटायचा, त्यावर आईने मांजरपाटाच्या खोळी शिवून दिल्यात. डोक्याला फेन्सिंगचा मास्क, हातात क्रिकेटचे ग्लोव्हज आणि भोसकणं सध्या पूर्ण बंद, मास्क कमी आहेत म्हणून.

रविवारी सकाळी तळजाईवर असतो, या एकदा, गदका कसा फिरवायचा ते दाखवायचं कबूल केलंयत तुम्ही. आणि तीन फुटी तुकडे बाजूला ठेवा प्लीज, अजून दोघं वाढलेत, त्यातला एक डावखुरा आहे आणि फार जोरात मारतो.