सूचना : बैठकीआधी कान तपासून घ्या

सर्व सभासदांना नमस्कार. पुढच्या बैठकीत वाढते वय आणि मेंदूचे आरोग्य हा विषय आहे. त्याआधी एवढे कराच : कान तपासून घ्या. रक्तदाब, साखर आपण सांभाळतो. कमी ऐकू येणे मात्र ‘वयाचंच आहे’ म्हणून सोडून देतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञ आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके आहेत, त्यात कमी ऐकू येणे हाही आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत जास्त धोका असलेल्या ज्येष्ठांची बौद्धिक घसरण श्रवणयंत्रामुळे तीन वर्षांत ४८ टक्क्यांनी मंदावली. बाकीच्यांत तसा फरक दिसला नाही, हेही लक्षात असू द्या. टीव्हीचा आवाज घरच्यांना मोठा वाटतोय? मग याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या.