पन्नाशीनंतरच्या बायकांची तपासणी नियमित व्हायला हवी

संपादक साहेब, नमस्कार.

ब्रेस्ट कॅन्सर म्हटलं की लगेच मॅमोग्राफीचं मशीन, खर्च, शहरातलं मोठं हॉस्पिटल असंच बोललं जातं, पण आपल्या मुंबईतच टाटा मेमोरियलने 1998 पासून दीड लाखाहून जास्त बायकांवर जो अभ्यास केला त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ट्रेनिंग दिलेल्या साध्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासायच्या, बस्स, मशीन नाही की काही नाही. 2021 मध्ये निकाल छापून आला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये मात्र मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत, हेही सांगायलाच हवं. पण गाठी लवकरच्या स्टेजला सापडायला लागल्या, हे खरं.

सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर तपासणी आहे, ती पाच वर्षांतून एकदा. माझ्या मते पन्नाशीनंतर तरी दोन वर्षांनी व्हायलाच पाहिजे. आणि उपकेंद्रात निदान एक पडदा लावा हो! उघड्या खोलीत कोण बाई ब्लाऊज काढणार? गाठ बहुतेकदा दुखत नाही म्हणून बायका सांगत नाहीत, त्यात लाज, मग दवाखान्यात येईपर्यंत गाठ लिंबाएवढी होते. तपासणाऱ्या ताईंनी पुढची तारीख कार्डावर लिहून द्यावी आणि गाठ लागली तर पुढे कुठे जायचं तेही त्याच दिवशी सांगावं, नाहीतर तपासून उपयोग काय?

- एक वाचक, सातारा