‘थांब, आधी माप घे’ म्हणणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

परवा सकाळी प्यूजो सायकल पहिल्यांदा सलग २८ किलोमीटर चालवून आणली. चेन उतरली नाही, क्रँक (पायडलचा दांडा) डुगडुगली नाही, ब्रेक किंचाळले नाहीत. परत येऊन तिला भिंतीला टेकवलं आणि लक्षात आलं की तुम्हाला नीट काही बोललेच नाहीये. तुमच्यासमोर आलं की छर्रे आणि आटे यांच्यावरच बोलणं होतं. आभाराचा शब्द ओठांवर येईपर्यंत तुम्ही पुढचा नट दाखवलेला असतो. म्हणून लिहायला बसले. हे पत्र सगळ्यांसाठी उघडं ठेवतेय, कारण अशीच एखादी जुनी फ्रेंच सायकल घेऊन कुणीतरी अडून बसलं असेल, तर तुम्ही मला सांगितलेलं त्यांच्याही कामी यावं.

तुम्हाला तो पहिला दिवस आठवत असेल. १९७०च्या दशकातली प्यूजोची यूओ-८ मॉडेलची सायकल, क्रोमवर तांबूस गंज, हँडलची टेप चिंध्या झालेली, मागचं चाक असं आउट की फ्रेमला घासत होतं. मी तुम्हाला सुटे भाग कुठे मिळतील ते विचारायला आले होते, हातात लांबलचक यादी घेऊन. तुम्ही यादीकडे पाहिलंच नाहीत. दोरा मागितलात. मागचं चाक फ्रेमच्या ज्या दोन खाचांत, म्हणजे कानांत, बसतं त्यातल्या एकाला तो बांधला, पुढे हँडलखालच्या नळीला, हेडट्यूबला, वळसा घालून दुसऱ्या कानापर्यंत ताणून आणला, आणि दोन्ही बाजूंना दोरा सीटखालच्या नळीपासून किती लांब आहे ते मोजलंत. दोन्हीकडे सारखं भरलं. मग हेडट्यूबच्या मागे, खालच्या नळीच्या पोटावरून बोट फिरवलंत. तिथे रंगाला सुरकुती असती तर सायकल कधीतरी समोरून आदळलेली असती. सुरकुती नव्हती. तेव्हा म्हणालात, “फ्रेम सरळ आहे. आता खर्चाचं बोलू.” त्या आधी मी पैसे खर्च करायला निघाले होते, आणि फ्रेम वाकडी असती तर ते सगळे पाण्यात गेले असते. माझ्याकडचे पैसे एका साध्या नव्या सायकलीलाही पुरले नसते, हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी एकदाही ‘सोडून दे’ म्हणाला नाहीत.

प्यूजोचं घराणं आधी करवतीची पाती आणि कॉफी दळायची यंत्रं करायचं, सायकलींकडे ते १८८२ साली वळलं, हे तुम्हीच सांगितलंत. आणि फ्रेंच सायकल दुरुस्त करताना सगळी गोम मापात असते, हेही. इंग्रजांचं माप इंचांत, फ्रेंचांचं मिलिमीटरांत. नळ्या वेगळ्या, आटे वेगळे, दिसायला मात्र सगळं तेच. हाताला वाटतं बसेल, आणि तिथेच घात होतो. १९८०च्या दशकात फ्रेंच कारखान्यांनीही बाकीच्यांची मापं उचलली, पण माझी सायकल त्याच्या आधीची. तुम्ही तुमचा व्हर्निअर, बारीक माप घ्यायचं साधन, माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, एक वही कर, जे मोजशील ते लिही. त्या वहीची सोळा पानं भरलीत.

सगळ्यात जास्त ऋण आहे ते उजव्या वाटीचं. दोन्ही क्रँक ज्या एक्सलवर बसतात त्याला धरणाऱ्या दोन वाट्यांपैकी डावी सुटली, उजवी काही केल्या हलेना. एका कारागिराने मला आधीच सांगून ठेवलं होतं की हे जुनं माप मिळत नाही, शेलमध्ये, म्हणजे वाट्या बसतात त्या फ्रेमच्या आडव्या नळीत, नवे इंग्रजी आटे पाडून टाकू. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. तुम्ही थांबवलंत. शेल ३५ मिलिमीटरचं, इंग्रजी वाटी साधारण ३४.८ची. मोठ्या भोकात बारीक फरकाने लहान आटे पाडायचे म्हणजे जुने निम्मे मारायचे आणि नवे निम्मेच धरायचे. फ्रेम कायमची गेली असती. आणि त्या वाटीला तर काही झालंच नव्हतं! आत गंजलेले छर्रे आणि दगड झालेलं ग्रीस, एवढंच.

पण ती फिरवायची कुठल्या दिशेने? इंग्रजी सायकलीत उजव्या वाटीचे आटे उलटे असतात. मी तेच धरून घड्याळाच्या दिशेने जोर लावत होते, म्हणजे खरं तर आणखी घट्ट करत होते. तुम्ही टॉर्च घेतलात, डाव्या बाजूने शेलमध्ये डोकावलात आणि मलाही डोकावायला लावलंत. वाटीच्या आतल्या कडेपलीकडे दोन-तीन आटे उघडे दिसत होते. त्यांचा उतार बघ, म्हणालात. फ्रेंच सायकलीत दोन्ही बाजूंचे आटे सरळ. स्विस वाट्याही ३५च्याच, पण त्यांच्या उजव्या बाजूचे आटे उलटे, त्यामुळे नुसत्या मापावर विसंबून चालत नाही. दहा मिनिटं मी त्या भोकात बघत बसले होते आणि तुम्ही घाई केली नाहीत.

त्या वाटीला महागडं हत्यार लागतं असं मी वाचलं होतं. तुम्ही एक लांब बोल्ट, चार जाड वायसर आणि एक नट एवढ्यावर काम केलंत. बोल्ट बाहेरून वाटीच्या भोकातून घालून शेलच्या आरपार काढायचा, वाटीच्या दोन्ही अंगांना वायसर, आणि आतून नट आवळायचा. पाना डावीकडून लावायचा. त्या बाजूने नट आवळत गेलं की आधी वायसर वाटीला घट्ट चिकटतात, आणि मग बोल्टसकट वाटीच फिरते, उजवीकडून बघणाऱ्याला घड्याळाच्या उलट. रात्रभर तेल मुरलेलं होतंच. ‘टक्’ असा जो आवाज आला तो मी विसरणार नाही. दोन्ही वाट्या रॉकेलने धुतल्या, आतली घसट बघितली, आरशासारखी गुळगुळीत होती. नवे फक्त छर्रे घेतले, पाव इंची, दोन्ही बाजूंना ११-११, आणि ग्रीस. बसवताना तुम्ही बजावलंत की ही वाटी जीव खाऊन आवळ, कारण सरळ आट्यांची उजवी वाटी पायडल मारता मारता आपोआप सैल होत जाते. म्हणून तर इंग्रजांनी त्या बाजूला उलटे आटे घेतले. हे कारण कळलं आणि मग आवळताना हाताला बळ आलं.

क्रँक एक्सलला पक्की करणाऱ्या कॉटर पिनचं मात्र मला अजून वाईट वाटतं. तुमच्याकडे येण्याआधी मी हातोडीने ठोकून एक पिन वाकवली होती. तिचं डोकं पसरलं होतं, आणि तुम्ही ते बघून रागावला नाहीत. ड्रिलने ती पोखरून काढायला अख्खी दुपार गेली, तुमची सुट्टीची दुपार. दुसरी पिन कशी काढायची ते मग मला दाखवलंत: नट टोकापर्यंत सैल करून ठेवायचा म्हणजे आटे वाचतात, क्रँकच्या खाली पोकळ नळीचा टेकू द्यायचा म्हणजे दणका छर्र्यांवर न जाता जमिनीत जातो, आणि शक्य असेल तर ठोकूच नये, व्हाइसमध्ये धरून दाबून काढावी. ती दाबल्यावर सुटली. नव्या पिना आणायला मी निघाले तेव्हा पुन्हा तुमचं ‘थांब, आधी माप घे’. माझ्या क्रँकची पिन ९ मिलिमीटरची निघाली. सर्रास मिळतात त्या ९.५च्या. अर्ध्या मिलिमीटरसाठी मी क्रँकचं भोक फोडून बसले असते.

पायडलचंही तसंच. एकावर ‘डी’, दुसऱ्यावर ‘जी’ कोरलेलं पाहून मी गोंधळले होते. ‘ड्रुआत’ म्हणजे उजवा, ‘गोश’ म्हणजे डावा, एवढं फ्रेंच मला तुमच्यामुळे आलं. हँडलच्या देठाचा घोळ मी इथे लांबवत नाही. २२ची नळी, २२.२चा देठ, आणि पॉलिश पेपर घेऊन बसलेली मी.

चाकांबद्दल मात्र लिहायलाच हवं. माझी २७ इंची लोखंडी रिम एका जागी अशी चेपली होती की स्पोक कितीही ओढले तरी सरळ होईना. तुम्ही माळ्यावरून ७००-सी मापाच्या अॅल्युमिनियमच्या चाकांची जोडी उतरवलीत आणि ‘पडूनच आहे’ म्हणालात. काका, ती पडून नव्हती, तुम्ही ती जपून ठेवली होती. कापडात गुंडाळलेली होती. टायर बसतो त्या जागेचा व्यास जुन्या रिमचा ६३० मिलिमीटर, या जोडीचा ६२२. म्हणजे ब्रेकचे गट्टे फक्त ४ मिलिमीटर खाली यायला हवेत, आणि माझ्या माफाक ब्रेकच्या लांब हातांना ते सहज जमलं. मागच्या चाकाचा हब, म्हणजे मधला तुंबा, १२६ मिलिमीटर रुंद, फ्रेममधली जागा १२०ची. मी फ्रेम ताणून बसवू का विचारलं, तर तुम्ही उजवीकडचे वायसर काढून एक्सलवरची रुंदी ६ मिलिमीटरने कमी केलीत. मग रिम मधोमध आणण्यासाठी उजवे स्पोक थोडे सैल, डावे थोडे ताठ, पाव-पाव फेरा, पुन्हा पुन्हा. ते सगळे फेरे माझ्याकडून करून घेतलेत. पाना माझ्या हातातून तुम्ही एकदाही काढून घेतला नाहीत. मी चुकीच्या स्पोकला हात घातला की नुसतं खाकरायचात. पुढे असं झालं की तुम्ही खाकरायच्या आधीच माझा हात थांबायला लागला. त्या हबचे फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचे, आटे इंग्रजी निघाले, त्यामुळे आजही मिळणारं पाच गेअरचं साधं फ्रीव्हील त्यावर बसलं. फ्रेंच हबचा शोध वाचला.

माफाकचे ब्रेक मला आता सायकलीतला सर्वात देखणा भाग वाटतात. क्लेरमाँ-फेराँच्या त्या कारखान्याने गट्टा कुठल्याही कोनात वळवता येईल अशी रचना केली आहे. जुने गट्टे काचेसारखे कडक झाले होते. नवे घातले, पुढची कड रिमला आधी टेकेल असे किंचित तिरपे केले, आणि आवाज गेला. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा सिम्प्लेक्सचा मागचा डिरेलर वाचला नाही. डेलरिनचं प्लास्टिक बिजागरीपाशी तडकलं होतं, आणि त्यावर गोंद चालत नाही हे तुम्ही एका नजरेत सांगितलंत. त्याच्या जागी वापरलेला पोलादी आणला, फ्रेमच्या कानात १० मिलिमीटरचे आटे पाडले. एवढा एकच बदल आपण फ्रेमवर केला, तोही तुम्ही दोन दिवस विचार करून. पुढच्या डिरेलरचा पट्टा २८.६चा आणि नळी २८ची, तिथे डब्याचा पातळ पत्रा कापून आत सरकवला. गच्च बसलाय.

रंगाचा विषय मी तीनदा काढला आणि तीनदा तुम्ही तो बाजूला ठेवलात. तेव्हा मला थोडं लागलं होतं. नवी, चकचकीत सायकल डोळ्यांपुढे होती ना! पण क्रोमवरचा गंज नुसत्या ओल्या अॅल्युमिनियम फॉइलने घासून उतरला, मूळ अक्षरं आणि प्यूजोचा सिंह तसाच राहिला, आणि रंगाचे पैसे टायर, तारा आणि ब्रेकच्या गट्ट्यांत गेले. उतारावर दोन्ही ब्रेक दाबले तेव्हा ती जिथे थांबायला हवी तिथे थांबली. रंग उडालेल्या जागा आता मला बोटांनी पाठ आहेत. त्या झाकायची इच्छा राहिली नाही.

तुमचं वय, तुमची पाठ, त्या थंड फरशीवर तासन् तास बसणं, हे मला दिसत होतं. काकू दर वेळी आतून पाट आणून द्यायच्या, त्यांनाही माझा नमस्कार सांगा. तुम्ही हिशेब कधी मांडला नाहीत, त्यामुळे तो फेडायचा कसा हेही कळत नाही. वहीची स्वच्छ प्रत करून सोबत पाठवतेय: सगळी मापं, वाटी काढायच्या बोल्टची आकृती, आणि कुठला आटा कुठल्या दिशेने. दुसरी फ्रेंच सायकल घेऊन कुणी तुमच्या दारात आलं तर त्यांच्या हातात द्या.

व्हर्निअर तेलाचा हात फिरवून त्याच्या डबीत ठेवलाय. कॉटरचे नट १०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे, असं तुम्ही सांगितलंय. अजून ७२ उरलेत. ते झाले की सायकलीवरूनच व्हर्निअर परत करायला येते.

तुमची,
प्यूजोवाली मुलगी