सप्टेंबरात या, सायकलींचं मी बघते

लियाँ,
रविवार रात्र

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, गेल्या रविवारी फोनवर मी सप्टेंबरात इथे येऊन सायकलने फिरायचं म्हटलं, तेव्हा तुम्ही एकच प्रश्न तीनदा विचारलात, "चढ किती आहे?" मी तिन्ही वेळा "फार नाही" म्हणाले आणि तेवढ्यात फोन कट झाला. तुम्हाला असं मोघम उत्तर चालत नाही हे मला माहीत आहे, म्हणून आज त्याच रस्त्यावरून परत जाऊन आले आणि आता सगळं लिहून काढते आहे. आई, तू मागून काय विचारलंस तेही मला ऐकू आलं होतं. त्याचं उत्तर याच पत्रात आहे.

सकाळी लियाँहून टीईआर पकडली. ही आपल्या पॅसेंजरसारखी गाडी, डब्यात सायकल ठेवायला जागा असते. तास-सव्वा तासात तूर्नू येतं. सोन नदीच्या काठचं जुनं गाव. नदीचं पात्र रुंद, पाणी संथ. पावसाळा सरल्यावर कृष्णा दिसते ना, तशी दिसते. स्टेशनाबाहेर सायकलीवर बसलं की पश्चिमेला डी 14 हा रस्ता लागतो. डी म्हणजे जिल्ह्याचा रस्ता. कडेला मैलाचे दगड अजून आहेत, पांढरे, पिवळ्या डोक्याचे. आपल्याकडे पिवळं डोकं राष्ट्रीय महामार्गाचं असतं. इथे महामार्गाचं लाल आणि जिल्ह्याच्या रस्त्याचं पिवळं. मला पिवळे दगड दिसले की बरं वाटतं, कारण तिथे ट्रक फारसे नसतात.

आता चढाचं. पहिल्या काही किलोमीटरमध्येच जमीन वरखाली व्हायला लागते. आपला दंडोबाचा डोंगर कसा सपाट रानातून एकदम उभा राहतो, तसं इथे काही नाही. गोधडी झटकून टाकावी आणि तिच्या घड्या तशाच राहाव्यात, अशी ही जमीन आहे. एक चढ पाच-सात मिनिटांचा, मग उतार, आणि उताराचा जोर असतो तोवर पुढचा चढ निम्मा झालेला असतो. ओझने नावाचं गाव मागे पडलं की ब्रांसियोंची खिंड लागते. तेवढा एकच चढ दमवतो. मी सगळ्यात हलका गिअर टाकून बसल्या बसल्या चढते, तुमच्यासारखी हँडलवर वाकून उभी राहत नाही. तुम्ही एकाच गिअरच्या ॲटलासवर, कॅरियरला वह्यांचा गठ्ठा बांधून वर्षानुवर्षं मणेराजुरीच्या शाळेत गेलात. हा चढ तुम्हाला जड जाणार नाही, हे मी मनापासून सांगते.

खिंडीच्या वर ब्रांसियोंचा छोटा किल्ला आहे आणि एका टोकाला दगडी चर्च. चर्चच्या ओट्यावर उभं राहिलं की खाली ग्रोन नदीचं खोरं दिसतं. कुंपणांनी चौकोन पाडलेली कुरणं आणि त्यांत पांढरी शारोले गुरं. रंग खिलारासारखा, पण शिंगं आखूड आणि अंग थोराड. मी तिथे बसून पोळीचा रोल खाल्ला. आई, तुझ्या शेंगदाण्याच्या चटणीची पुडी आता संपत आली आहे.

उतरल्यावर शापेझ लागतं. तिथलं चर्च 11व्या शतकातलं, त्याचा मनोरा 35 मीटर उंच, आणि भोवती घरं मोजकीच. याच गावाच्या अलीकडे गेल्या वर्षी माझ्याकडचं पाणी संपलं होतं. रविवारची दुपार, सगळी दुकानं बंद. खेड्यांत बारा ते दोन दुकानं बंद असतातच, सोमवारी तर पावही मिळायची खात्री नसते. तेव्हा मागून तीन सायकलवाले आले. तिघेही सत्तरीच्या पुढचे, अंगात एकाच क्लबचे टीशर्ट. त्यांनी मला गावच्या कब्रस्तानात नेलं. फुलांना पाणी घालायला तिथे नळ असतो, आणि 'पिण्याचे नाही' अशी पाटी नसेल तर इथले जुने सायकलवाले तिथेच बाटल्या भरून घेतात. आई, तुला हे रुचणार नाही, पण पाणी थंडगार होतं. त्या तिघांतले एक जण मला म्हणाले की गुडघा दुखायला लागला तेव्हा त्यांनी सायकल सोडली नाही, फक्त गिअर हलके केले. बाबा, त्या दिवसापासून तुमची पडवीतली सायकल माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. गेल्या पावसाळ्यात चिखलात घसरलात आणि तुम्ही तिच्यावर ताडपत्री टाकलीत ती टाकलीतच. डॉक्टर तर चालवा म्हणाले आहेत.

कॉर्मातँला डी 14 सोडायचा आणि व्हुआ व्हेर्त घ्यायची, म्हणजे हिरवी वाट. खरं तर मी तुमच्यासाठी ठरवलेला रस्ता हाच आहे. पूर्वी इथून रेल्वे धावायची. ती बंद पडली, रूळ काढले आणि त्या जागी डांबरी वाट केली. जिव्री ते क्लुनी 44 किलोमीटर, 1997 मध्ये सुरू झाली, फ्रान्समधली अशी पहिली वाट. आगगाडीला तीव्र चढ चालत नाही, त्यामुळे आजूबाजूला टेकड्या असूनही वाट जवळजवळ सपाट आहे. मोटारींना बंदी. जुनी स्टेशनं अजून जागच्या जागी आहेत. मोठे रस्ते आडवे येतात तिथे तेवढं थांबायचं. आई, तुझी सगळी काळजी रहदारीची आहे, म्हणून हे ठळक लिहिते: या वाटेवर मागून येऊन कुणी हॉर्न वाजवणार नाही.

इतर रस्त्यांवरही कायदा बरा आहे. गावाबाहेर सायकलला ओलांडताना मोटारीने दीड मीटर अंतर ठेवायचं, गावात एक मीटर. बहुतेक गाड्या ठेवतात. एक गोष्ट मात्र मला अंगवळणी पडायला वेळ लागला. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. पहिल्या उन्हाळ्यात एका खेड्यात उजव्या बोळातून गाडी थेट समोर आली आणि मी कशीबशी ब्रेक दाबून थांबले. तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं. आता प्रत्येक बोळापाशी हात ब्रेकवर असतात.

क्लुनीला पोचल्यावर अर्धा दिवस थांबू. 910 मध्ये तिथे मठ स्थापन झाला. 1088 मध्ये बांधायला घेतलेलं त्याचं तिसरं चर्च 187 मीटर लांब होतं. रोमचं सेंट पीटर्स नव्याने बांधलं जाईपर्यंत ख्रिस्ती जगात त्याहून मोठं चर्च नव्हतं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ते विकलं गेलं आणि खाणीतून काढावेत तसे त्याचे दगड काढून नेले. आज दहावा हिस्साही उरलेला नाही. जो मनोरा उभा आहे त्याच्याकडे मान वर करून बघितलं की बाकीचं केवढं असेल याचा अंदाज येतो. बाबा, इतिहासाच्या तासाला तुम्ही फळ्यावर नकाशा काढायचात. इथे जमिनीवरच खांबांच्या जागा दिसतात.

क्लुनीहून माकोंकडे जाताना ब्वा क्लेरचा जुना रेल्वे बोगदा आहे, 1.6 किलोमीटरचा. आत दिवे आहेत आणि भर उन्हाळ्यातही गारठा, स्वेटर लागतो. हिवाळ्यात वटवाघळं झोपतात म्हणून तो बंद ठेवतात. बाहेर आलं की थोड्या वेळाने द्राक्षबागा सुरू होतात, आणि लांब सोल्युत्रेचा कडा.

या बागा बघून अण्णाकाका काय म्हणतील याचा मी नेहमी विचार करते. मांडव नाही, वाय आकाराचे आधार नाहीत. वेल जेमतेम कमरेएवढी, तारेवर बांधलेली, ओळी इतक्या जवळ की आपला ट्रॅक्टर शिरणार नाही. ठिबक नाही, पावसावरच सगळं. छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या सांगितल्या तर इथल्या शेतकऱ्यांना खरं वाटत नाही. पांढरी द्राक्षं बहुतेक शार्दोने जातीची. त्या नावाचं गावच तूर्नूजवळ आहे, जातीला नाव तिथूनच पडलं असं मानतात. काढणी साधारण सप्टेंबरात. म्हणून मी सप्टेंबर म्हणते आहे. काकांची छाटणी जोरात सुरू व्हायच्या आत तुम्ही तासगावात परत असाल. व्हिसाच्या कागदांची यादी वेगळी पाठवते.

आता आई, तुझा प्रश्न. "तिथल्या सायकलला दांडी असते का गं?" बाबांना वाटलं तू सहज विचारलंस. मला नाही वाटलं. विलिंग्डन कॉलेजला तू लेडीज सायकलवर जायचीस, पदर खोचून, आणि लग्नात ती सायकल मावशीकडे गेली. हे मला मावशीनेच सांगितलं, तू कधी बोलली नाहीस. भाड्याच्या विजेच्या सायकलींत बिनदांडीच्या सहज मिळतात. पायडल आपणच मारायचं, मोटर फक्त हात दिल्यासारखी मदत करते, तीही ताशी 25 किलोमीटरपर्यंतच. परवाना लागत नाही. पंजाबी ड्रेस घाल, साडीचा आग्रह धरू नकोस. पहिल्या दिवशी कॉर्मातँ ते क्लुनी एवढंच करू, तेरा-चौदा किलोमीटर, आणि वाटेत हवं तेवढं थांबू. तोल सवयीने परत येतो का, असं मनात येईल तुझ्या. आधी घराजवळच्या मैदानात चार दिवस फिरू. मी मागून सीट धरून पळेन, बाबा माझ्या मागे पळायचे तशी.

दुकानदाराला सीटची उंची आधी सांगावी लागते. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, जांघेपासून जमिनीपर्यंतचं माप घ्या आणि दोघांचंही कळवा. बाबा, टेप शिवणयंत्राच्या डाव्या खणात आहे.

तुमची,
मनू