आजोबांच्या मेडलवरचा नंबर

ती. आई-बाबांना,
सा. न.

दुसऱ्या महायुद्धात मराठा रेजिमेंटमधून इटलीत लढलेल्या आजोबांचा माग काढताना इटलीतल्या लुगोच्या ज्या निवृत्त शिक्षिकाबाईंशी ओळख झाली, त्या आता मला मावशीच वाटतात. 1944-45च्या हिवाळ्यात युद्धाची आघाडी त्यांच्या सेन्यो नदीवर अडकली होती. 9 एप्रिल 1945 ला तिथेच तेव्हाच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना वाचवून, मशीनगनची ठाणी गप्प करून व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळवला. जाधव 1/5 मराठाचे, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. तेच पदक मिळालेले यशवंत घाडगे 3/5चे, म्हणजे तिसऱ्या बटालियनचे. ते जुलै 1944 मध्ये टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. एकाच रेजिमेंटच्या या बटालियन वेगळ्या डिव्हिजनमध्ये, वेगळ्या नद्यांवर लढत होत्या. त्यामुळे आजोबांची बटालियन कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

बाबा, ती आजोबांच्या डिस्चार्जच्या, म्हणजे सैन्यातून सुटल्याच्या, कागदावर असेल. तो कागद लॅमिनेट करू नका, फाटलेल्या घडीला सेलोटेपही लावू नका. गोंद पुढे पिवळा पडून शाई खातो. सपाट ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागचे शिक्के हवेतच.

मेडल चिंचेने किंवा पितांबरीने मुळीच घासू नका. आपल्याकडच्या शिपायांच्या मेडलवर त्यांचा सैन्यातला नंबर आणि नाव ठोकलेलं असतं: गोल मेडलच्या कडेवर, ताऱ्यांच्या पाठीवर. अक्षरं इतकी बारीक की दोनचार वेळा घासलं की गेलीच. सकाळी खिडकीपाशी मेडल आडवं धरा, ऊन बाजूने पडू द्या, फ्लॅश बंद. सावलीमुळे अक्षर उठून दिसतं. तरी लागलं नाही तर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल हलक्या हाताने फिरवा.

नंबर महत्त्वाचा, कारण नावावर भरवसा नाही. जाधवचं इंग्रजी स्पेलिंग कारकुनागणिक बदलतं. जिल्हाही जुना लिहिलेला असतो. रायगड तेव्हा कुलाबा होता. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला अर्ज करताना नंबर, बटालियन, गाव-तालुका आणि भरतीचं साल, सगळं एकत्र द्यायचं.

बटालियनची युद्धडायरी, म्हणजे तिच्या रोजच्या हालचालींची नोंदवही, लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात मिळते. तिच्यात अधिकाऱ्यांची नावं असतात, शिपायाचं क्वचितच. पण जागा मात्र नकाशाच्या सहा आकड्यांत दिलेली असते आणि सहा आकडे म्हणजे शंभर मीटरचा चौकोन. मावशींचं खरं मोल इथे आहे. आकडे पाठवले की त्या जुन्या नकाशावर बघून सांगतात, हे अमक्याचं शेत, हा बांध नंतर हलवला. कागदावर मला हे कधीच दिसलं नसतं.

त्यांना आजोबांचा गणवेशातला फोटो हवाय, आणि तुम्हाला पत्रही लिहायचंय. म्हणून पिनकोडसकट पूर्ण पत्ता इंग्रजीत लिहून पाठवा. आई, गुडघ्याचं कसं आहे ते कळव.

तुमची लेक