चेन बदलण्याआधी एवढं वाच

कराड,
रविवार

प्रिय दिनू,

फोनवर बोलणं अर्धवट राहिलं आणि तुझी गाडी काही डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय. सकाळी थंड इंजिनला सेल्फ मारला की दोन-तीन सेकंद खडखड होते आणि मग थांबते, असं तू म्हणालास. मला हे टायमिंग चेनचंच लक्षण वाटतं, म्हणजे खालच्या क्रँकला व्हॉल्व्ह उघडणाऱ्या वरच्या कॅमशी जोडणाऱ्या साखळीचं. तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभरात दाब उतरतो आणि तो परत येईपर्यंत सैल चेन तिच्या बाजूच्या पट्टीवर, म्हणजे गाइडवर, आपटत राहते. गरम इंजिनलाही आवाज राहायला लागला तर गाडी जागेवरच उभी कर. कुंभार्ली घाट तर अजिबात नको.

तुझं १२४८ सीसीचं इंजिन मूळ फियाटच्या घराण्यातलं, २००३ साली आलेलं. आपल्या रांजणगावातही ते बनलं. काटक इंजिन, मला मनापासून आवडतं. पण ते वापरणाऱ्या मारुतीने २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, त्यामुळे आता यातल्या पुष्कळ गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हातात आहेत. आधीच्या मालकाने ऑइल कधी बदललं ते कोण सांगणार? चेन आहे, बेल्ट नाही, म्हणजे बघायलाच नको, या समजुतीने फार नुकसान केलंय. डिझेलची काजळी ऑइलमध्ये उतरते आणि कड्यांमधल्या पिना घासत राहते. चेन ताणली असं आपण म्हणतो, पण खरं तर तिचे सांधे झिजलेले असतात. सगळ्यांची थोडी थोडी झीज मिळून ती लांबते.

म्हणून माझा आग्रह आहे की नुसती चेन बदलून घेऊ नकोस. टेन्शनर, गाइड, स्प्रॉकेट म्हणजे चेनची दातेरी चाकं, सगळं एकदम बदल. जुन्या स्प्रॉकेटचे दात जुन्या चेनबरोबर झिजलेले असतात, ते नवी चेन लवकर खातात. आणि चेंबर, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, उतरवलंच आहे तर ऑइल पंपाची जाळी नीट धुऊन घे. ती अर्धी बुजलेली राहिली तर टेन्शनरला दाब मिळणार नाही आणि सगळा खर्च पाण्यात.

मिस्त्री निवडताना एकच विचार: कॅम आणि क्रँक नेमक्या जागी अडकवून ठेवणाऱ्या लॉकिंग पिना आहेत का? मार्करने खुणा करून टायमिंग मिळवतो म्हणाला तर तिथून निघ. जुनी चेन लांबलेली असताना केलेली खूण आधीच चुकलेली असते, ती चूक तशीच नव्या चेनवर येते. क्रँक पुलीचा बोल्ट उलट्या आट्यांचा आहे का, हेही जोर लावण्याआधी बघायला सांग.

मागच्या पावसाळ्यात इथल्या एका गॅरेजात असंच काम बिघडलेलं पाहिलं. नव्या टेन्शनरला दाबून धरणारी छोटी पिन काढायचीच राहिली, कव्हर बंद झालं आणि सेल्फ मारला. चेन सरकली, पिस्टन व्हॉल्व्हना भिडले. ट्रेमध्ये रॉकरचे, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हच्या मधल्या छोट्या दांड्यांचे, तुकडे पडले होते, काही अगदी मधोमध मोडलेले. या इंजिनात पुष्कळदा रॉकर आधी तुटतात, म्हणून व्हॉल्व्ह वाचले. पण हेड उघडावं लागलंच. त्या मालकाचा चेहरा बघवत नव्हता रे.

हे टाळायला फार काही लागत नाही. लॉकिंग पिना काढल्या की कव्हर लावण्याआधी पान्याने क्रँकला हातानेच पूर्ण दोन फेरे द्यायचे, म्हणजे कॅमचा एक होतो. त्यानंतर पिना परत सहज बसल्या पाहिजेत. मध्ये कुठे अडकलं तर जोर लावायचा नाही, उलगडून पुन्हा बसवायचं. हे होताना तू स्वतः तिथे उभा राहा. मिस्त्री घाई करेल, करू दे. कव्हर आणि चेंबरला सिलिकॉन बेताचंच लावायला सांग. आत आलेला जादा गोळा सुटून त्याच जाळीत जाऊन बसतो. शेवटी इंजिनातल्या दोषांचे कोड दाखवणारा स्कॅनर लाव. पी००१६ कोड आला तर कॅम-क्रँकचा मेळ बसलेला नाही असं समज आणि आधी टायमिंगच तपासायला लाव.

चेंबर उतरलं की जाळीचा आणि जुन्या गाइडचा फोटो पाठव, मग ऑइलचं ठरवू. वहिनींना नमस्कार, काकूंच्या गुडघ्याचं काय झालं तेही कळव.

तुझा,
श्री